हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार

होझेया रॉलिन्स यांना काउंटीच्या कचेरीतून पत्र आलं, तेव्हा त्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

पत्र त्यांच्या मुलीने उघडलं. मुलगी म्हणजे ओझेला, वय त्र्याहत्तर. बापाच्या नावाचं पत्र फोडायचा अधिकार तिला होता की नाही कोण जाणे, पण त्या घरात पत्र फोडायला दुसरं होतं कोण? आई जाऊन एकवीस वर्षं झाली, भाऊ लिनवुड तिच्या पाठोपाठ गेला. ओझेलाचं एक लग्न झालं होतं, ते ह्यूस्टनमध्येच राहिलं. मूलबाळ नाही. पूर्व टेक्ससच्या पाइनच्या रानात, सायप्रस चॅपल नावाच्या वस्तीच्या शेवटच्या रस्त्यावर, त्या चार खोल्यांत ती एकटी राहत होती आणि टपाल मात्र अजून सगळ्या कुटुंबाला येत होतं.

तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. एकटं राहणाऱ्या माणसाला ती सवय लागतेच. "प्रिय मिस्टर रॉलिन्स, आपण १९७६ पासून राहत्या घराची करसवलत घेत आहात. आमच्या नोंदीप्रमाणे आपलं वय एकशे तेरा वर्षं आहे. आपण अद्याप याच घरात राहता का? खालील चौकटीत खूण करून ३० एप्रिलपूर्वी कळवावं."

"एकशे तेरा!" ओझेला रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली. "डॅडी, अभिनंदन. केक आणू का?"

ती हसली. मग हसू ओसरलं. पेन तिथेच पडलं होतं. 'हो'च्या चौकटीपर्यंत तिचा हात गेलासुद्धा. खोटं तरी काय होतं त्यात? घराला अजून सगळे होझेयाचं घरच म्हणत होते. त्याची टोपी अजून दारामागच्या खिळ्याला होती. पण सरकारी कागद तो सरकारी कागद. तिने पेन खाली ठेवलं.

आता हा घोळ झाला कसा, तर तो तिच्या एकटीचा नव्हता. सायप्रस चॅपलमध्ये शंभर वर्षांपासूनची रीत होती की जमिनीचा कागद आहे त्या नावावर राहू द्यायचा. माणूस मेला की त्याला पुरायचं, त्याचं नाव पुरायचं नाही. वस्ती वसवली ती गुलामीतून सुटलेल्या माणसांनी. कचेरीत नाव बदलायला गेलेल्यांच्या जमिनी कशा गायब झाल्या, हे प्रत्येक आजीने प्रत्येक नातीला सांगितलेलं. 'कोर्टाच्या पायऱ्या चढलास की जमीन घेऊन जातोस आणि टोपी घेऊन परत येतोस,' असं होझेया स्वतः म्हणायचा. म्हणून तो गेल्यावर त्याच्या बायकोने, आर्लिथाने, कर मुकाट भरला, त्याच्या नावाने. ती गेल्यावर ओझेलाने भरला, त्याच्याच नावाने. म्हाताऱ्या माणसाची सवलत होती, कराचा आकडा कधीचा गोठलेला होता, सगळं सुरळीत चाललं होतं. मेलेल्या माणसाइतका वक्तशीर करदाता काउंटीत दुसरा नसेल.

पण इतक्यात पलीकडच्या तळ्याकाठी डलासच्या पैसेवाल्यांचे बंगले उठले होते, आणि ओझेलाच्या जमिनीचा भाव कागदावर पाचपट झाला होता. सवलत गेली तर कर तिच्या पेन्शनच्या आवाक्याबाहेर जाणार. कर थकला की घर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलावात उभं राहणार. ते तिने दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत बघितलं होतं. त्या दोन्ही जागी आता बोटी ठेवायच्या शेड होत्या.

गुरुवारी म्हाताऱ्या माणसांसाठी काउंटीची व्हॅन येते, तिच्यातून ती कचेरीत गेली. खिडकीत ट्रुडी नावाची गोरी, जाडजूड, पन्नाशीची बाई होती. गळ्यात दोन चष्मे, आणि तिसरा केसांत.

ओझेलाने पत्र पुढे केलं. "हे माझे वडील. ते राहत नाहीत आता."

"कुठे गेले?"

"चर्चमागे. एकोणनव्वद साली."

ट्रुडीने पत्र वाचलं, ओझेलाकडे बघितलं, पुन्हा पत्र वाचलं. "मिस ओझेला, 'हो'वर खूण नाही केलीत हे फार बरं केलंत."

"हात गेला होता."

"जाणारच हो. गेल्या आठवड्यात एकाने आजोबांच्या नावाने सही करून पाठवली. आजोबा पहिल्या महायुद्धातले." ती पुढे वाकली. "घाबरू नका. तुम्ही स्वतः पासष्टीच्या पुढे आहात, तिथे राहता, म्हणजे सवलत तुमच्या हक्काचीच आहे. फक्त ती तुमच्या नावाने मागायची. ओळखपत्रावर पत्ता त्याच घराचा आहे ना?"

"आहे."

"झकास. घराचं विजेचं बिल?"

"ते आईच्या नावावर आहे."

"आणि आई..."

"डॅडींच्या शेजारी."

"पाण्याचं?"

"भावाच्या नावावर." ओझेलाने थांबून सांगितलं, "तो आईच्या शेजारी."

ट्रुडीने गळ्यातला एक चष्मा काढून दुसरा लावला, जणू त्याने काही वेगळं दिसेल. "मग मिस ओझेला, तुमच्या स्वतःच्या नावावर काय आहे?"

ओझेलाने विचार केला. खरंच विचार केला. "मयतीचा विमा," ती म्हणाली.

ट्रुडी हसली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवं. तिने एक कागद घेऊन लिहून दिलं. तिघांचे मृत्यूचे दाखले. विजेचं बिल स्वतःच्या नावावर करून. आणि एक वारसाचं शपथपत्र, की होझेया रॉलिन्सची हयात असलेली एकुलती एक वारस ही ओझेला आणि ती तिथे राहते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या, याच कचेरीत, समक्ष.

"साक्षीदार कसे हवेत नीट ऐका," ट्रुडी म्हणाली. "नात्यातले नकोत. तुमच्या कुटुंबाला निदान दहा वर्षं ओळखणारे हवेत. आणि त्या घरात ज्यांचा काडीचाही लाभ नाही असे. हितसंबंध नसलेले. असे दोन."

"दोनच?" ओझेला म्हणाली, आणि व्हॅनमध्ये बसेपर्यंत तिला ते खरोखर सोपं वाटलं.

घरी येऊन तिने लिफाफ्याच्या पाठीवर नावं लिहायला घेतली. सायप्रस चॅपलमध्ये दगड भिरकावला तर तो चुलतभावालाच लागतो. एक नाव लिहिलं, नातं निघालं, खोडलं. दुसरं लिहिलं, तोही आर्लिथाच्या मावशीकडून. नात्यात नसलेले जे होते ते बहुतेक चर्चमागे होते. राहता राहिले मिस्टर क्राउडर. लेमुएल क्राउडर, वस्तीचे मयतीचे व्यवस्थापक, ऐंशीला टेकलेले, ज्यांनी तिघांनाही स्वतःच्या हाताने शेवटचे कपडे चढवले होते. त्यांना तिने फोन केला.

"सही काय, दाखलेही देतो," ते त्यांच्या त्या मऊ, सांत्वनाच्या आवाजात म्हणाले. त्यांना दुसरा आवाजच नव्हता. दूधवाल्याशीही ते असंच बोलत. "मात्र मिस ओझेला, माझा लाभ नाही असं शपथेवर कसं म्हणू? विमा माझ्याकडेच आहे तुमचा."

"तो माझ्यातला लाभ झाला. घरातला नाही."

"हां, हे बरोबर. आणि मला काही घाई नाही, बरं का."

"मलाही नाही, मिस्टर क्राउडर."

एक झाला. दुसरं नाव तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणूनच ते तिने लिफाफ्यावर लिहिलं नव्हतं. ते नाव समोरच राहत होतं. रस्ता ओलांडला की घर.

लुजीनिया बतीस्त. मूळची लुइझियानाची, नवरा लाकडाच्या गिरणीत कामाला लागला म्हणून इथे आली आणि नवरा गेल्यावरही राहिली. म्हणजे नात्यातली नाही. रॉलिन्स कुटुंबाला पन्नास वर्षं ओळखणारी. ओझेला ह्यूस्टनमध्ये शाळेच्या खाणावळीत भांडी मांडत होती, तेव्हा नऊ वर्षं दर रविवारी आर्लिथाला झाकलेलं ताट नेऊन देणारी हीच. आणि आर्लिथाला पुरल्यावर चर्चच्या जेवणाच्या दिवशी, स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात, 'ओझेला काय उगाच आली होय ह्यूस्टन सोडून? दोन वर्षं केलं म्हातारीचं, मिळालं घर,' असं म्हणणारीही हीच. दारात उसन्या ताटल्यांचा गठ्ठा घेऊन ओझेला उभी होती. तिने गठ्ठा टेबलावर ठेवला, एकही ताटली न वाजवता, आणि घरी आली. त्यानंतर तिने त्या चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही आणि लुजीनियाशी शब्द बोलली नाही. एकवीस वर्षं. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही.

ते बोलणं साफ खोटं असतं तर ती कदाचित विसरलीही असती. पण ती आली त्या महिन्यात ह्यूस्टनच्या खोलीचं भाडं थकलं होतं, आणि आईच्या घराचं छप्पर तिच्या मनात नव्हतं असं तिलाच छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. अर्ध्या खऱ्या गोष्टीची जखम लवकर भरत नाही.

दोन आठवडे तिने दुसरं कोणी सापडतंय का बघितलं. एप्रिलची वीस तारीख उलटली. अडला हरी, दुसरं काय. शेवटी तिने चांगला झगा घातला, जणू लांब कुठे जायचंय, आणि रस्ता ओलांडला. मोजून बावीस पावलं होती.

लुजीनिया व्हरांड्यात बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भोवती खोके होते. चौऱ्याऐंशीची झाली तरी हात भराभर चालत होते. ओझेलाला वाटलं, वसंतातली साफसफाई. विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण मागायला आलेल्या माणसाने चौकशा करू नयेत, असं म्हणून तिने ते गिळलं.

"सापडला वाटतं रस्ता," लुजीनिया वर न बघता म्हणाली.

"एक सही हवी होती. कचेरीत येऊन."

"कसली?"

ओझेलाने सांगितलं. उभ्याउभ्याच, एका दमात. लुजीनियाने ऐकत ऐकत एक किटली गुंडाळली, तिचं झाकण वेगळं गुंडाळलं.

"म्हणजे मी शपथेवर सांगायचं की घर तुझं."

"मी आर्लिथाची मुलगी आहे आणि तिथे राहते, एवढंच सांगायचं. बाकी तुमचं मत कुणी विचारणार नाही."

"आणि विचारलं तर?"

"तर सांगा. तुम्हाला कोण अडवणार? तेव्हाही कुणी अडवलं नव्हतं."

लुजीनियाचे हात थांबले. रस्त्यावरून टपालाची गाडी गेली, दोघींनीही तिला हात केला, एकमेकींकडे न बघता.

"शुक्रवारच्या आत करायला हवं," लुजीनिया म्हणाली. "शनिवारी मला जमणार नाही."

"गुरुवारी. मिस्टर क्राउडर नेतील."

"त्यांच्या गाडीतून? बाई गं," लुजीनिया म्हणाली. "माझ्या रंगीत तालमीलाच निघालो म्हणायचं."

मिस्टर क्राउडरांकडे एकच गाडी होती, ती लांबलचक काळी, मयताच्या घरच्यांना नेतात ती. गुरुवारी सकाळी दोघी म्हाताऱ्या तिच्या मागच्या सीटवर दोन टोकांना बसल्या. मध्ये चार माणसांची जागा आणि एकवीस वर्षं. मिस्टर क्राउडर सवयीने हळू चालवत होते, सवयीनेच दिवे लावून. मग व्हायचं तेच झालं. समोरून येणारी प्रत्येक गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. एका ट्रकवाल्याने उतरून टोपी छातीशी धरली. चौकात पोलिसाने सगळी रहदारी थांबवून त्यांना वाट दिली आणि मान खाली घातली.

"मिस्टर क्राउडर, दिवे बंद करा हो," ओझेला म्हणाली. "लोकांना वाटतंय कुणी गेलं."

"सन्मान मिळतोय तर घ्यावा, मिस ओझेला," ते म्हणाले. "एरवी आपल्यासाठी कोण थांबतं?"

लुजीनियाने खिडकीतून त्या ट्रकवाल्याला राणीसारखा हात हलवला. ओझेलाला हसू आलं, ते तिने रुमालात खोकला म्हणून खपवलं. पण चाळीस मिनिटांत दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

कचेरीत ट्रुडीने तिघांना आतल्या टेबलाशी बसवलं. मिस्टर क्राउडरांचं काम झटकन झालं. त्यांनी दाखले मांडले, शपथ घेतली, 'तिघांना मीच पोहोचवलं' असं सांगितलं, सुरेख तिरपी सही केली. मग ट्रुडी लुजीनियाकडे वळली.

"मिस लुजीनिया, अर्जदाराला किती वर्षं ओळखता?"

"पन्नास. त्यातली एकवीस न बोलता."

ट्रुडीने 'पन्नास' लिहिलं. "होझेया आणि आर्लिथा रॉलिन्स यांचा दुसरा कोणी हयात वारस?"

"नाही."

तो रकाना ओझेलाने स्वतः भरायचा होता. इतर वारस: कोणी नाही. तिने ते लिहिलं. दोनच शब्द होते, पण पेन दोनदा अडलं. तिच्या मनात आलं, आपल्यानंतर हा कागद कोणी भरायला घेतलाच, तर तिथे आपल्याही पुढे हेच येणार, आणि भरणाराही कोणी नसणार.

"अर्जदार त्या घरात केव्हापासून राहतात, तुमच्या माहितीप्रमाणे?"

"दोन ऑक्टोबर, दोन हजार एक," लुजीनिया म्हणाली. "मंगळवार. मी व्हरांड्यात शेंगा सोलत होते. दोन सुटकेसी होत्या आणि एक उभा पंखा. पंख्याची वायर मागे फरफटत होती, तिला माहीतच नव्हतं."

ट्रुडीने वर बघितलं. "साल पुरे होतं."

"विचारलंत म्हणून सांगितलं. पुढे लिहा, की ती आईची सेवा करायला आली."

"तसं यात विचारलेलं नाही, मॅडम."

"मग माझ्या सहीच्या वर जागा ठेवा, मी लिहिते. एकदा जेवणाच्या दिवशी मी चारचौघींत दुसरं काही बोलले होते. तेव्हा शपथ नव्हती घेतलेली. मी स्वतः नऊ वर्षं ताट नेत होते, आणि ही आल्यावर आर्लिथाने मला सांगितलं, आता नको आणूस, माझी पोर आली. मला राग आला होता. आर्लिथाचा. काढला हिच्यावर."

मिस्टर क्राउडरांनी सवयीने खिशातून घडीचा रुमाल काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. तो कुणीच उचलला नाही. ओझेला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. त्यावर एप्रिलचा घोडा होता. तिला एवढंच वाटत होतं, की ही बाई हे एकवीस वर्षांपूर्वी व्हरांड्यातून ओरडून म्हणाली असती तरी ऐकू आलं असतं.

"आता शेवटचं," ट्रुडी घसा साफ करून म्हणाली. "त्या घरात तुमचा कसलाही लाभ, कसलाही हितसंबंध नाही, अशी शपथ घेता?"

लुजीनियाने हात वर केला होता, तो तसाच थांबला. "हे गेल्या महिन्यात विचारलं असतंत तर घेता आली नसती."

"म्हणजे?"

"मी पहाटे पाचला उठते. उठले की हिच्या स्वयंपाकघराचा दिवा बघते. लागला की कळतं, बाई जिवंत आहे, आपणही चहा टाकावा. एखाद्या दिवशी पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर मी चपला घालून तयार बसायची. ते घर गेलं असतं तर माझा दिवा गेला असता. हा लाभच की नाही?" तिने ट्रुडीला खरोखर विचारलं. "पण आता माझं घर विकलं. शनिवारी मुलगी येतेय, डलासला नेणार. तळ्यावरच्या लोकांनी घेतलं. तेव्हा आता लिहा. आता माझा तिथे काही लाभ नाही." आणि हात पुन्हा नीट वर करून तिने शपथ घेतली.

खोके. ओझेलाला ते खोके आठवले. व्हरांड्यातले, वर्तमानपत्रातली किटली, वेगळं गुंडाळलेलं झाकण. साफसफाई! सगळं समोर मांडलेलं होतं आणि तिने ताठ मानेपायी एक प्रश्न विचारला नाही. तिने साक्षीदार शोधायला दोन आठवडे वस्ती पालथी घातली होती, आणि साक्षीदार रोज पहाटे पाचला खिडकीत उभा होता. सापडला तो नेमका आता, निघताना.

ट्रुडीने शिक्का मारला. "झालं, मिस ओझेला. घर तुमचं."

परतीच्या वाटेवर मिस्टर क्राउडरांनी दिवे लावले नाहीत. कोणी थांबलं नाही. निम्मा रस्ता गेल्यावर ओझेला म्हणाली, "घरासाठीही आले होते मी. थोडीशी."

"घर कुणाला नको असतं?" लुजीनिया म्हणाली.

पुन्हा पाइनची रांग बराच वेळ मागे पडत राहिली.

"तो पंखा अजून चालतो," ओझेला म्हणाली.

"माहीत आहे. खडखडतो. तेल घाल त्याला."

"तुमच्याकडे तो आवाज येतो?"

"उन्हाळ्यात त्याच्यावरच झोपते मी," लुजीनिया म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

शनिवारी ओझेला पहाटे चारलाच उठली. मक्याचा पाव भाजला, लोण्यात परतलेला घेवडा केला, कोंबडी तळली. नऊ वर्षांच्या ताटांपैकी एक तरी परत करावं, असं तिच्या मनात होतं. मुलगी दहाला येणार, असं लुजीनिया गाडीतून उतरताना म्हणाली होती. पण डलासची गर्दी टाळायची म्हणून मुलगी साडेसातलाच आली, आणि शहरातल्या लोकांची कामं झटपट. ओझेला कोंबडीचा शेवटचा तुकडा कढईतून काढत होती, तेव्हा गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तिने ताट भरलं, चंदेरी कागदाने झाकलं, आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आली, तोवर गाडी वळणावर होती. मागच्या काचेत खोक्यांवर खोके रचलेले, लुजीनियाचं डोकंसुद्धा दिसलं नाही. तिने वळून बघितलं की नाही, ते ओझेलाला कधीच कळायचं नाही. बावीस पावलांच्या रस्त्याच्या मधोमध ती गरम ताट घेऊन उभी राहिली. ताट पोळायला लागलं तेव्हा ती घरी आली, आणि तीन दिवस तेच जेवली.

मेच्या शेवटी कचेरीचं पत्र आलं. लिफाफ्यावर टंकलेलं होतं, ओझेला रॉलिन्स. तिने ते आधी उलटसुलट करून बघितलं. या पत्त्यावर तिच्या नावाने आलेलं मयतीचा विमा आणि विजेचं नवं बिल यांखेरीजचं पहिलं पत्र. राहत्या घराची सवलत मंजूर. वयाची सवलतही मंजूर. मालक, एक. रहिवासी, एक. होझेया रॉलिन्स यांचं नाव नोंदीतून कमी करण्यात आलं आहे.

"डॅडी," ती खुर्चीला म्हणाली, "काढलं तुम्हाला." बाप पस्तीस वर्षांपूर्वी वारला होता, पण खरा गेला तो त्या दिवशी, त्या ओळीत. घर वाचलं होतं, कुणाच्या बापाला आता ते हिसकावता येणार नव्हतं. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि टेबलाशी बसून हमसून रडली. रडायला संकोच कुणाचा? रहिवासी एक.

समोरच्या घराचे पडदे काढून नेले होते. तळ्यावरचे लोक सप्टेंबरशिवाय येणार नव्हते, आणि आले तरी शनिवार-रविवारचे. तिने पंख्याला तेल घातलं. त्याची खडखड थांबली, आणि ती थांबल्यावर घर इतकं शांत झालं की तिला तेल घातल्याचा पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. ती स्वयंपाकघरात आली आणि बटणावर हात ठेवून थांबली. लावायचा कुणासाठी? चहा काय, अंधारातही करता येतो, वीस-बावीस वर्षांच्या सवयीचे हात. बिल आता तिच्या नावावर येत होतं. समोर काळी खिडकी होती, तिच्यामागे कोणी नव्हतं.

तिने दिवा लावला. कचेरीत शपथेवर लिहून दिलेलं होतं की या घरात कोणीतरी राहतं.